मागची सीट

संस्थेच्या व्यवस्थापकांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. बाबांची जुनी जावा मोटारसायकल मी कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊ केली होती. कागदपत्रांची पिशवी टेबलावर होती, चहा येऊन गेला होता, आणि लेखापालांनी जडसंग्रह नोंदवही उघडून वस्तूच्या तपशिलाच्या रकान्यात लिहायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात व्यवस्थापक म्हणाले, “सर, ही गाडी आम्ही पुढे विकली तर तुम्हाला चालेल ना?” यावर लगेच हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. दिलेल्या वस्तूचे काय करायचे हे घेणाऱ्याने ठरवावे, एवढा व्यवहार मला कळतो. तरीही शब्द घशातच राहिला. “ताईला विचारून सांगतो,” असे म्हणून मी उठलो. वास्तविक ताईचे संमतिपत्र कधीच सही होऊन आले होते आणि ते त्याच पिशवीत होते. लेखापालांची अर्धी ओळ तशीच राहिली. त्यांनी पेनाला टोपण लावले, पेन खिशात ठेवले आणि माझ्याकडे पाहण्याचे टाळले.

आर्वीच्या रस्त्याला लागल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना.

गाडी १९६९ सालची. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावाने साठच्या दशकाच्या आरंभी या गाड्या बनवायला घेतल्या, पुढे त्याच कारखान्यातून त्या येझदी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला, हे जावावाल्यांना पाठ असते. बाबांनी ती १९७८ मध्ये वर्ध्याच्या एका कापूस अडत्याकडून, पतसंस्थेचे कर्ज काढून, जुनीच विकत घेतली. त्या काळी आमच्याकडे मोटारसायकल म्हणजे राजदूत. तीही मुळात पोलंडची. पण दूधवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांनी तिला इतके आपलेसे केले होते की तिचे परकेपण कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. जावा मात्र शौकिनाची गाडी समजली जाई. मरून रंगाची टाकी, टाकीच्या दोन्ही अंगांना चकाकते क्रोम, गुडघे टेकायला रबरी पॅड आणि दोन बाजूंना दोन सायलेन्सर, असा तिचा थाट होता. आणि पायजमा-सदऱ्यातले, कायम डोक्याला रुमाल गुंडाळलेले बाबा तिच्यावर मुळीच शोभत नसत. तिची किक आणि गिअर एकाच दांडीत होते. दांडी आत दाबून वर फिरवली की ती किक होई आणि गाडी सुरू झाल्यावर खाली आणली की तीच गिअरची होई. ठाऊक नसलेला माणूस किक शोधत गाडीभोवती फिरत राही, त्यामुळे कुलूप लावायची गरज नाही, असे बाबांचे म्हणणे होते. गिअर बदलताना दांडी दाबली की क्लच आपोआप सुटत असे. या सोयीचे कौतुक बाकीचे लोक वेगासाठी करीत. बाबांना मात्र डावा हात मोकळा राहतो आणि गोळ्यांची पिशवी सांभाळता येते, याचे अप्रूप होते.

बाबा कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. गावोगाव त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत आणि सुरुवातीला ते ही चूक दुरुस्त करीत. नंतर त्यांनी तो नाद सोडला. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशा तीन कामांसाठी २०-२५ हजार लोकसंख्येमागे एक कर्मचारी, अशी ती सरकारी योजना होती. घरोघर जायचे, बाया-माणसांची अंगे तपासायची, फिकट चट्टा दिसला की रुग्णाला डोळे मिटायला सांगून त्यावर पिसाचे टोक टेकवायचे आणि कुठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवायला सांगायचे. बोट अचूक पडले तर बरे. ते हवेत चाचपडत राहिले, तर पुढचे सगळे तिथून सुरू होई. कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड झाली आहे का, हे बाबा केवळ हात हातात घेऊन ओळखत. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की लग्नाच्या पंगतीत बसले तरी त्यांचे लक्ष समोरच्याच्या कानाच्या पाळीकडे जाई; पाळी जाड दिसली की त्यांच्या हातातला घास थांबे. माझ्या लग्नात त्यांनी व्याह्यांचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला होता, त्यामागचे कारण व्याह्यांना आजही ठाऊक नाही.

वर्धा जिल्ह्याला हा रोग नवा नव्हता आणि त्याची सेवाही नवी नव्हती. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम उभे केले, सेवाग्रामला गांधीजींनी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतःच्या हाताने धुतल्या, आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आनंदवन उभे राहिले. पण हे सगळे मोठे काम जिथे रुग्ण येऊन पोहोचत असे तिथले होते. बाबांचे काम त्याच्या आधीच्या टप्प्यावरचे होते. जो रुग्ण अजून आपल्या घरात, आपल्या वावरात आहे आणि कोणाला काही कळू नये म्हणून बाही कधी वर करीत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे. सुरुवातीला त्यांच्या पिशवीत एकच औषध असे, डॅपसोन; त्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत आणि लोक मधेच कंटाळून सोडून देत. ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि तो आरंभी ज्या मोजक्या जिल्ह्यांना मिळाला त्यांत वर्धा होता. महिन्याचा पहिला डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या घरी. त्यातल्या रिफॅम्पिसिनने लघवी लाल होई आणि माणूस घाबरून औषध फेकून देई. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडे, आणि मग जे लपवायचे तेच चेहऱ्यावर उमटे. म्हणून गोळ्यांचे पाकीट देऊन बाबांचे काम संपत नसे. त्यांना पुन्हा जावे लागे, आणि पुन्हा जायला जावा लागे.

अडचण अशी होती की जावाचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. पऱ्हाटीच्या वावरांवरून तो दोन सायलेन्सरांचा आवाज गाडीच्या बऱ्याच आधी गावात पोहोचे. ज्यांना गोळ्या हव्या असत ते पाराकडे निघत, आणि ज्यांना सापडायचे नसे ते विळा घेऊन वावराकडे. पोरे ओरडत, ‘महारोगाची गाडी आली.’ आणि ती गाडी ज्याच्या दारात थांबेल, त्याच्या घरचे पाणी दुसऱ्या दिवसापासून कोणी पीत नसे; त्याच्या पोरीची सोयरीक मोडायला तेवढे पुरे होते. त्यामुळे बाबांनी एक रीत ठरवून घेतली होती. गावाच्या शिवेवर आले की ते इंजिन बंद करीत आणि गाडी हाताने ढकलत मारुतीच्या देवळापर्यंत किंवा शाळेपर्यंत नेत. ती तिथे उभी करून पुढे पायी जात. तेही थेट रुग्णाच्या घरी कधीच नाही, तर ओळीने सगळ्या घरांत, जिथे काही काम नाही तिथेही चार गोष्टी बोलत. कोणते घर कशासाठी, हे पाहणाऱ्याला कळू नये एवढाच त्यामागे हेतू होता. पावसाळ्यात हे सगळे फार जिकिरीचे होई. आपली काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये गाडी रुतून बसते. मग बाभळीच्या काडीने चिखल उकरायचा, दहा पावले ढकलायची आणि पुन्हा उकरायचा. शाळेला सुटी असली की बाबा मला सोबत नेत, आणि अशा वेळी मागून ढकलण्याचे काम माझ्याकडे असे. गाडी चालू असताना तिच्यावर बसून चिखल पार करता येतो, मग ढकलत का न्यायची, हे मला तेव्हा समजत नसे आणि बाबा समजावून सांगत नसत. “ढकल,” एवढेच म्हणत.

गाडीवर मागे कोण बसते, यावरूनही बरेच काही घडले. ज्याचे पाय बधिर झाले आहेत आणि तळव्याला जखम आहे, त्याने चालू नये, असे औषधापेक्षाही निक्षून सांगावे लागते. पण वाहकाने गाडीत चढू दिले नाही तर माणूस चालण्याखेरीज काय करणार? अशांना बाबा मागे बसवून दवाखान्यात पोहोचवीत आणि पुष्कळदा परत आणूनही सोडीत. वाटेत आमचे गाव लागे. रस्त्याच्या कडेच्या लोकांनी ते पाहिले आणि बाजाराच्या दिवशी “डॉक्टर, मले खरांगण्यापर्यंत सोडा” म्हणून बिनदिक्कत मागे बसणारे शेजारी हळूहळू पायी जाऊ लागले. कोणी वाईट बोलले नाही. “आज चालावं वाटते, बाप्पा,” असे म्हणत. आई रोज संध्याकाळी अंगणात गाडी लागली की फिनेलच्या पाण्यात फडके भिजवून सीट पुसत असे. बाबांनी तिला एकदा सांगितले की हा रोग असा सीटवरून लागत नाही. आईने फडके पिळता पिळता उत्तर दिले, “मले समजते. पण मी पुसली, हे लोकायले दिसलं पाहिजे.” आईचे हे उत्तर मी आजवर अनेकदा मनात उलटेपालटे करून पाहिले आहे. तिने शेजाऱ्यांची भीती मान्य केली की त्यांच्याशी निभावून नेण्याचा मार्ग काढला, हे मला ठरवता येत नाही. एवढे खरे की रोजच्या फिनेलने सीटचे काळे रेक्झिन मागच्या बाजूला पांढुरके पडले, आणि पुढची, बाबांच्या बसण्याची बाजू मात्र शेवटपर्यंत काळीच राहिली.

बाबा १९९८ मध्ये निवृत्त झाले. नंतर काही वर्षे ते शेतावर जायला गाडी काढीत; गुडघे दुखू लागल्यावर ती कोठ्यात गेली आणि कुटाराच्या ढिगाशेजारी, ताडपत्रीखाली राहिली. कोंबड्यांना हँडल फार आवडले. भारताने २००५ च्या अखेरीस कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचे जाहीर केले, दर १० हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही बातमी बाबांनी वर्तमानपत्रात दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. “रुग्ण कमी झाले, म्हणजे आता शोधायला कोणी जाणार नाही,” असे ते म्हणाले होते. हे त्यांचे बोलणे मला त्या वेळी जुन्या नोकरदाराची कुरकुर वाटले होते. अलीकडे नव्या रुग्णांविषयी वाचतो तेव्हा तसे वाटत नाही.

ते गेल्यावर गाडीचा प्रश्न सुटा उरला. घराचे, वावराचे, विहिरीचे कागद झाले, पण जावाचे काय करायचे हे कोणालाच सांगता येईना. भंगारवाला वजनावर मागत होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला ती कापूनछाटून कसलीशी शर्यतीच्या धर्तीची गाडी करायची होती. त्याने मोबाइलवर चित्रेही दाखवली, आणि त्यातल्या एकाही गाडीला मागची सीट नव्हती. नागपूरचे एक हौशी गृहस्थ मात्र वारंवार फोन करीत. जावा हे नाव २०१८ मध्ये नव्या गाड्यांवर परत आल्यापासून जुन्या म्हैसुरी गाड्यांचा भाव चढला आहे, हे त्यांच्याकडूनच समजले. ते एकदा येऊन गेले. बॅटरीच्या उजेडात त्यांनी इंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक ताडून पाहिला, टाकीवरून हात फिरवला, सायलेन्सरवर नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि सगळे मूळचे आहे म्हणून त्यांचा चेहरा उजळला. “रंग देऊ नका, क्रोम करू नका, आहे तशीच राहू द्या. सीट तेवढी मी बदलून घेईन,” असे ते म्हणाले. गाडीवर ते एकदाही बसले नाहीत.

त्यांना नकार देऊन मी संस्थेकडे गेलो, यात मला तेव्हा फार मोठेपणा वाटला होता.

गाडी द्यायची तर चालू करून द्यायची, हे मी मनाशी ठरवले होते. भाकड गाय गोरक्षणाच्या दारात बांधून पुण्य पदरात पाडून घेणारे लोक आमच्या पंचक्रोशीत कमी नाहीत, आणि ज्यांनी शेवटचे पाणी पिऊन घेतले, शेवटचे गवत खाऊन घेतले अशा गाई दान करणाऱ्या आपल्या बापाला कठोपनिषदातल्या छोट्या नचिकेताने ‘मग मला कोणाला देणार?’ असा जो प्रश्न विचारला, तो अशा प्रत्येक वेळी आठवतो. आर्वीहून मिस्त्री आणला. त्याने दांडी दाबून पाहिली, ती जागची हलेना. “पिस्टन जाम हाये. बाकी काही झालं नाही तिले. डिझेल मुरू द्या,” असे म्हणून त्याने प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल ओतले आणि तो चहा पिऊन निघून गेला. पुढल्या खेपेला त्याने गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक पुढेमागे झुलवले आणि आत काही तरी सुटल्याचा बारीक आवाज आला. कार्बोरेटर उकलून धुतला, पॉइंट घासले, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळले. गाडी सुरू झाली तेव्हा कोठाभर निळा धूर झाला, कोंबड्या पळाल्या आणि तो जळक्या ऑइलचा वास ओसरीपर्यंत आला. आई बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, “बंद कर, डोळ्यात जाते.”

कागदांचे काम मिस्त्रीच्या कामापेक्षा लांबले, ते लांबणारच होते. नोंदणीची मुदत संपलेली होती, म्हणजे नूतनीकरण आणि त्यावर पर्यावरण कर. मालक हयात नाही, म्हणजे नमुना ३१ भरून आधी वारसाच्या नावावर गाडी घ्यायची, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. अर्जासोबत चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा लागतो. क्रमांक गाडीच्या मानेवर कोरलेला असतो. त्यावर ग्रीस, धूळ आणि माती यांचा असा थर बसला होता की रॉकेलचा बोळा फिरवून, खिळ्याने हळूहळू टोकरून एकेक आकडा मोकळा करावा लागला. मग त्यावर चिकटपट्टी लावून पेन्सिल आडवी घासली, आणि कागदावर ते आकडे करड्या रंगात उमटले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप न बदललेल्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केले आहेत. त्यांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक दहा वर्षांसाठी मिळतो, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढीच तिची ये-जा. म्हणजे नियमानेही गाडीचे पुढचे आयुष्य पाहण्याच्या वस्तूचे होते, बसण्याच्या वस्तूचे नव्हते. ही तरतूद वाचून मला संस्थेच्या आवारातल्या एका जागेची आठवण झाली. प्रवेशद्वाराजवळ, जुन्या चिंचेखाली एक ओटा आहे. त्यावर पत्र्याचे छप्पर टाकले, गाडी उभी केली, मागे एक लहानशी पाटी लावली, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर किती तरी दिवस होते. पाटीवरचा मजकूरही तयार होता. तो मी कोणाला दाखवला नव्हता, एवढेच.

व्यवस्थापकांच्या प्रश्नाने अडवले ते इथे. मी गाडी देत होतो, पण ती कोठे उभी राहील, तिच्याकडे कोण कसे पाहील, तिच्याविषयी काय वाचेल, हे सगळे मी माझ्याकडेच ठेवून घेतले होते. छप्पर संस्थेचे, पावसापासून राखण संस्थेची, आणि गाडी मात्र आमचीच. पवनारहून निघालेले विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला पोहोचले आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर जमीन देऊ केली, तिथून भूदानाची गंगा वाहिली, हे आमच्याकडे शाळेपासून शिकवतात. पुढे दिलेल्या जमिनींपैकी पुष्कळ खडकाळ किंवा वादातल्या निघाल्या आणि अनेकांनी सातबाऱ्यावरची नावे कधी काढलीच नाहीत, हे मात्र तलाठ्याच्या दफ्तरातून शिकावे लागते. त्या लोकांची मी वर्गात चेष्टा केली आहे. नाव काढणे हे जमीन देण्यापेक्षा अवघड असावे, असे आता वाटते.

दुसऱ्यांदा संस्थेत गेलो तेव्हा व्यवस्थापक बाहेर गेले होते, म्हणून मी आवारात फिरत राहिलो. चपलांच्या खोलीचे दार उघडे होते. बधिर पायांसाठी ज्या चपला लागतात त्यांच्या तळाशी एमसीआर नावाचे मऊ, सूक्ष्म छिद्रांचे रबर असते. दगड, काटा, खिळा टोचला तरी ज्याला कळत नाही, त्याच्या पावलाचा भार ते सगळीकडे सारखा वाटून घेते. कारागिराने एका आजोबांना कागदावर उभे केले होते आणि पेन्सिलने त्यांच्या पावलाभोवती रेघ ओढली होती. त्या आकाराला बोटे नव्हती. पुढची रेघ सरळ, खोडरबराने पुसल्यासारखी गेली होती. कारागिराने त्या आकारावर रबराचा तुकडा ठेवला, रापीने कापला, आजोबांच्या तळव्याची जुनी जखम जिथे होती तिथे बोटाने दाबून पाहिले आणि तेवढ्या भागात रबर थोडे खोलगट केले. चप्पल घालून आजोबा चार पावले चालले. मी आपणहून बाबांची गोष्ट काढली, जावाची, तिच्या आवाजाची. मनात कुठे तरी अपेक्षा होती की त्यांना काही आठवेल. आजोबा देवळीकडचे निघाले. “आमच्याकडे राजदूत ये,” ते म्हणाले. “तिचा आवाज आयकला का मी तुरीत जाऊन बसो. दोन वर्सं बसलो.” मग स्वतःच्या पायाकडे पाहून हसले, “तुरीत नसतो बसलो, तं हे चप्पल लागली नसती.”

त्यांच्या हसण्यात कडवटपणा नव्हता, आणि मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. राजदूतवरचा तो अनोळखी कर्मचारी इंजिन बंद करून गावात शिरत होता की नाही, असे मात्र मनात आले. ज्या माणसाने आयुष्यभर गाडी दाराशी नेली नाही, तिने कोणाचे घर दाखवू नये म्हणून ती चिखलातून ढकलत नेली, त्याची गाडी मी रुग्णांच्याच प्रवेशद्वाराशी, पाटी लावून, कायमची उभी करायला निघालो होतो. बाबांना हे सांगितले असते तर ते काय म्हणाले असते, याचा मला फारसा संशय नाही. आणि चपलांच्या खोलीत रबराच्या तावांची थप्पी बरीच खाली आली होती, हेही मी पाहिले होते.

व्यवस्थापक आल्यावर मी त्यांना सांगितले की गाडी खुशाल विका. लेखापालांनी नोंदवही उघडली, आणि पुन्हा मिटली. “सर, विकायचीच तर तुम्हीच विका आणि रक्कम बँकेतून द्या,” ते म्हणाले. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, रकमेला मिळते. तीही तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, आणि दोन हजारांवर रोख दिली तर नाही. शिवाय संस्थेच्या नावावर वाहन घ्यायचे, विमा काढायचा, मग ते विकायचे, हा द्राविडी प्राणायाम कोणासाठी? त्यांचे म्हणणे बिनतोड होते आणि मला ते मुळीच आवडले नाही. बाबांच्या गाडीच्या बदल्यात मला करात सूट मिळणार, ही कल्पना खुपत होती. त्याहून अधिक खुपत होते ते हे की किंमत ठरवण्याचे, घासाघीस करण्याचे काम आता मलाच करावे लागणार होते. देऊन टाकण्यात एक सुटका असते. विकताना समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ‘एवढे हवेत’ म्हणावे लागते.

नागपूरच्या गृहस्थांनी ट्रकवजा छोटी गाडी आणि दोन माणसे घेऊनच सौदा करायला येण्याचा आत्मविश्वास दाखवला. त्यांनी सीटपासून सुरुवात केली. रेक्झिन पांढरे पडले आहे, मागे फाटले आहे, आतला फोम बसला आहे, नवी मूळ धर्तीची सीट बाहेरून मागवावी लागेल, तेवढे कमी करा. एरवी भाजीवाल्याशीही दोन शब्द न करणारा मी त्या मुद्द्यावर असा अडून बसलो की त्यांच्यासोबतची माणसे दोरखंड खाली ठेवून ओसरीवर टेकली. सीटचे काहीही कमी करणार नाही, असे मी सांगितले. का, ते सांगितले नाही. अखेर त्यांनी मानले. बहुधा ती दोन माणसे आणि गाडीचे भाडे त्यांच्या अंगावर चढत होते. जाताना त्यांनी विचारले की काढलेली सीट तुम्हाला परत पाठवू का. मी नको म्हणालो. आई तेव्हा दारात उभी होती, तिने ते ऐकले आणि काही मत दिले नाही.

रक्कम त्याच आठवड्यात संस्थेच्या खात्यावर वळती केली. लेखापालांचा फोन आला की पावती कोणाच्या नावाने करू. आणि मी बोलण्याआधी त्यांनीच सांगितले की ज्याचा पॅन क्रमांक, त्याचेच नाव लागते. खाली ‘यांच्या स्मरणार्थ’ असा एक रकाना असतो, तो भरायचा का? मी तो रिकामा ठेवायला सांगितला. ताईला हे कळल्यावर तिने फोनवर मला बरेच ऐकवले: बाबांनी गाडी लपवली असेल, त्यांचे नाव कशाला लपवायचे, ते काय रुग्ण होते? तिने स्वतःची वेगळी रक्कम पाठवली आणि तो रकाना बाबांच्या पूर्ण नावाने, पदासह भरून घेतला. पदाच्या जागी तिने ‘डॉक्टर’ लिहिले आहे.